आईची पट्टी

गेल्या वर्षी एका रविवारी आईने दादाला व्हिडिओ कॉलवर गाऊन दाखवायचे ठरवले. वयाच्या ८१ व्या वर्षी तंबोरा जुळवायला तिला वीस मिनिटे लागली, जवारीचा दोरा पुन्हापुन्हा सरकवून झाला, आणि मग फोनसमोर बसून तिने यमनची एक बंदिश अर्धीच, पण मनापासून म्हटली. ती थांबल्यावर दादाने तोंडभर कौतुक केले आणि सहज विचारले, "पण आई, तंबोरा का नाही घेतलास?" तंबोरा सगळा वेळ फोनपासून हातभर अंतरावर वाजत होता.

याचे कारण शोधायला मला फारसा वेळ लागला नाही. कॉलचे सॉफ्टवेअर माणसाचे बोलणे तेवढे पुढे पाठवते आणि पंखा, मोटार, पाऊस यांसारखे एकसारखे चालू राहणारे आवाज गोंगाट समजून दाबून टाकते. न बदलता एकसारखे वाजत राहणे हेच तंबोऱ्याचे काम असल्यामुळे त्या हिशेबात तो पंख्याच्या रांगेत बसला होता. सेटिंगमध्ये 'मूळ आवाज' अशी एक सोय सापडली. ती चालू केल्यावर पुढच्या रविवारी दादाला तंबोरा ऐकू आला आणि उत्साहाच्या भरात तो आईबरोबर गाऊ लागला. तेही जमले नाही. आमच्यात सुमारे १२,००० किलोमीटरचे अंतर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे बाकी सारे बिनचूक झाले तरी आईचा स्वर त्याच्यापर्यंत पोहोचायला ६० मिलिसेकंद आणि त्याचा स्वर परत यायला आणखी ६० लागणारच, शिवाय दोन्हीकडचे फोन आपापला वेळ घेतात तो वेगळा. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची लय साधारण ३० मिलिसेकंदांच्या पुढे डळमळू लागते. आई समेवर यायची तेव्हा दादा अजून वाटेत असायचा, त्याला सांभाळून घ्यायला ती थांबायची, तिचे थांबणे ऐकून तोही थांबायचा, आणि अशा रीतीने मिनिटाभरात गाणे बंद पडले. आई हसली. दादा मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "त्या कॅसेटी आहेत का गं अजून?"

कॅसेटी होत्या. दादा १९८६ साली परदेशी गेला तेव्हा परदेशी फोन लावणे हा चैनीचा प्रकार होता, आणि लागला तरी जुना टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने) एवढ्याच पट्ट्यातला आवाज नेत असल्यामुळे पलीकडचा माणूस कळायचा, पण त्याचा गळा पोहोचायचा नाही. त्यापेक्षा ९० मिनिटांची कॅसेट भरून टपालाने पाठवणे स्वस्तही होते आणि समाधानाचेही. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी; संगीताची शान तिला पुढे आली. आमच्या घरात तिचे दोन्ही उपयोग झाले. बाबा टेपरेकॉर्डर सांभाळायचे, सुरुवातीला आकाशवाणीच्या थाटात तारीख सांगायचे, मग घरातल्या बातम्या, आणि शेवटी आईचे गाणे. भरलेली कॅसेट दादाकडे जायची, त्याची भरलेली आमच्याकडे यायची. पुढे एका सुट्टीत दादाने आपल्याकडच्या सगळ्या आणून घरीच ठेवल्या. बाबा गेल्यानंतर पत्र्याच्या डब्याचे झाकण कोणी उघडले नव्हते. मी उघडले तेव्हा आत २३ कॅसेटी निघाल्या. काहींवर बाबांचे टपोरे अक्षर होते, काहींवर दादाचे, आणि चारांवर काहीच नव्हते.

घरातला टेपरेकॉर्डर बटण दाबल्यावर नुसता गुणगुणला, चाके फिरेनात. मागचे झाकण उघडून पाहिले तर मोटारीपासून चाकांपर्यंत जाणारा रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून डांबरासारखा झाला होता, आणि कप्पीवरचा तो काळा चिकटा काढण्यात माझे दोन दिवस आणि बोटांचा रंग गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या हे या कामाचे खरे हत्यार आहे. त्याच काड्यांनी मी फितीवरचा आवाज वाचणारे हेड पुसले, फीत ओढणारे रबरी चाक पुसले, आणि काडीवर उतरलेला तपकिरी थर पाहून वरमले, कारण तो थर म्हणजे फितीवरून खरवडलेले लोहाच्या ऑक्साइडचे कण, अर्थात कोणाचा तरी थोडा थोडा आवाजच होता. नवा पट्टा बसवूनही यंत्र अडखळतच राहिले, तेव्हा शेवटी एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेले पण चांगल्या अवस्थेतले कॅसेट डेक उसने आणले. इथे एक गोष्ट मी योगायोगाने बरोबर केली, आणि पुढे सगळे तिच्यावर तरले: डेक देणाऱ्याने त्याच्यासोबत ३,१५० हर्ट्‌झचा एकच स्वर भरलेली चाचणीची कॅसेट दिली होती. ती लावून संगणकावर मोजले तर स्वर ३,१६२ आला. मोटारीवरचा बारीक स्क्रू केसभर फिरवून तो जागेवर आणला. डेक आता योग्य वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर फीत सरकवून, चालत होते.

पहिल्या कॅसेटीच्या वेळी मी डेकची वायर लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या भोकात खुपसली आणि बाबांचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा ऐकून घाबरले. डेकमधून येणारा आवाज मायक्रोफोनपेक्षा कितीतरी जोरकस असतो. त्याला लाइन-इनची जागा लागते. त्यासाठी बाहेरचा आवाज संगणकात घेणारा एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणला आणि पातळी अशी ठेवली की सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या दहाएक डेसिबल खाली राहील, कारण फितीवर आवाज थोडा जास्त झाला तर तो नुसता जाडसर होतो, पण संगणकात मर्यादेपलीकडचा भाग सपाट कापला जातो आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून मोकळी केली. एकीच्या आतला नमद्याचा तुकडा, जो फितीला हेडवर दाबून धरतो, निखळला होता. तो दुसऱ्या कोऱ्या कॅसेटीतून काढून बसवला. हेडचा कलही प्रत्येक कॅसेटीसाठी थोडा बदलावा लागला, कारण ज्या यंत्रावर ती भरली त्याचे हेड ज्या तिरपेपणाने बसलेले असेल त्याच तिरपेपणाने वाचले तरच 'स' आणि 'श' स्पष्ट उमटतात. आईचा 'श' नीट ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा, ही माझी पद्धत.

बाकीचे काम म्हणजे नुसते बसून राहणे. फाइल एका संगणकातून दुसऱ्यात जायला काही सेकंद लागतात, पण ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटेच घेते. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, आणि प्रत्येकाला २४ बिट या मापाने एक कॅसेट साधारण दीड गीगाबाइट जागा खाते. २३ कॅसेटींचे काम चौतीस-पस्तीस तासांचे होते आणि ते मी तीन महिन्यांत पुरे केले. डेक चालू असताना खोलीतून उठून जाण्याची मुभा होती, तरी मी क्वचितच उठले. या गोष्टीबद्दल जास्त लिहीत नाही.

पहिली बाजू तयार होताच मी ती 'स्वच्छ' केली. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज नसलेला एखादा तुकडा दाखवला की तसला गोंगाट ते सगळीकडून वजा करते. शिवाय ८० हर्ट्‌झच्या खालचे सारे काही मी सरसकट कापून टाकले, कारण तिथे कानाला नकोशी घूं अशी घरघर होती. परिणाम पहिल्या ऐकण्यात सुंदर वाटला आणि दुसऱ्यांदा ऐकताना तंबोरा पाण्याखाली वाजत असल्यासारखा लागला. म्हणजे कॉलच्या सॉफ्टवेअरला नावे ठेवून मी स्वतःच्या हाताने तेच केले होते. मूळ फाइल जपून ठेवण्याएवढे शहाणपण सुदैवाने माझ्याकडे होते. पण ती साफ केलेली प्रत तोवर मी दादाला पाठवूनही दिली होती.

त्याचे उत्तर दोन दिवसांनी आले. आवाज छान आला आहे, बाबांना ऐकून बरे वाटले, असे सगळे लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ होती: "आईचा स्वर एवढा वर नव्हता."

मी पेटी काढून बसले. रेकॉर्डिंगमधला षड्ज, म्हणजे ज्यावर सारे गाणे उभे असते तो 'सा', पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर, अर्थात पांढरी सहावर, म्हणजे २२० हर्ट्‌झवर, लागत होता. आईला विचारले की ती कोणत्या पट्टीत गायची, तर ती म्हणाली, "कधी काळी चार, कधी काळी पाच. ज्या दिवशी जसा घसा असेल तसे." पांढरी सहा या दोन्हींच्या बरोबर मध्ये येते. फीत जलद चालत असेल तर खरी पट्टी काळी चार आणि मंद चालत असेल तर काळी पाच. चूक कोणत्या बाजूची आहे हे स्वरावरून ठरवता येत नव्हते. आईचे मत काळी पाचच्या बाजूने पडले, कारण "तेव्हा माझा आवाज चांगला चढत असे." दादा काळी चारवर ठाम होता. बाबा असते तर त्यांनी वहीत लिहून ठेवले असते, असे तिघांचेही एकमत झाले, पण त्याचा उपयोग नव्हता. सोबतीला पेटी असती तर प्रश्न सुटला असता, कारण पेटीचे स्वर ठरलेले असतात. आई मात्र नेहमी नुसत्या तंबोऱ्यावर गायची आणि तंबोरा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे जुळतो. काळी चार आणि पांढरी सहा यांत अर्ध्या स्वराचे, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे अंतर आहे. सहा टक्क्यांनी आवाज परका होत नाही. तो त्याच माणसाचा राहतो, फक्त थोडा तरुण, थोडा घाईत असलेला. बहुधा म्हणूनच मला काही खटकले नव्हते. दादाला खटकले, कारण १९८६ पर्यंत समोर बसून ऐकलेला आईचा आवाज त्याच्या कानात तसाच राहिला होता.

उत्तर मी कापून टाकलेल्या घरघरीत होते. जुन्या फितींची डागडुजी करणाऱ्यांचे काही लेखन वाचताना मला हे समजले. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ठरावीक आवर्तने करतो, म्हणजे तितक्या वेळा पुढे जाऊन मागे येतो, आपल्याकडे ५० वेळा. विजेवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरमध्ये या प्रवाहाची हलकीशी घूं रेकॉर्डिंगमध्ये मिसळते. ध्वनिमुद्रणवाले तिला 'हम' म्हणतात आणि शिव्या घालतात. पण तीच घूं त्या क्षणाची मोजपट्टीही असते. गुन्ह्यांचा तपास करणारे ध्वनितज्ज्ञ एखादे रेकॉर्डिंग खरे की जोडलेले हे पाहायलाही हमचा उपयोग करतात. मला एवढे सूक्ष्म काम करायचे नव्हते. भरताना हम ५० हर्ट्‌झचा होता हे नक्की. आज तो फितीवर ५३ भरला तर फीत जलद ऐकू येते आहे आणि आईची पट्टी काळी चार, ४७ भरला तर काळी पाच.

मूळ फाइल उघडली आणि बाबांनी बटण दाबल्यापासून तंबोरा सुरू होईपर्यंतची १९ सेकंदे निवडली. त्यात बाबांनी तारीख सांगितली आहे, आईने घसा साफ केला आहे, आणि कोणीतरी, बहुधा मीच, दार लोटले आहे. पहिल्या प्रयत्नात, कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती जोराचा हे दाखवणारा आलेख इतका ठोकळेबाज आला की त्यात ५० आणि ५३ वेगळे दिसेनात. विश्लेषणासाठी १६,३८४ नमुन्यांची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेतली तर आलेखाची एकेक पायरी जवळजवळ ३ हर्ट्‌झची होते. खिडकी ६५,५३६ ची केल्यावर पायरी पाऊण हर्ट्‌झवर आली. आता ५० वर एक टोकदार सुळका स्पष्ट उभा होता.

म्हणजे फितीचा वेग बरोबर आणि पट्टी पांढरी सहा? आई आणि दादा, दोघांपैकी कोणीच बरोबर नाही? मी निराश होऊन डेक थांबवायला गेले आणि तेव्हा लक्षात आले की हे डेकही विजेवरच चालते आणि त्याचा स्वतःचा हम ५० चाच असणार. कॅसेट न लावता, डेक नुसतेच चालू ठेवून मिनिटभर रेकॉर्ड केले: ५० वर आणि त्याच्या पटींवर, म्हणजे १०० आणि १५० वर, तेच सुळके. मग पुन्हा बाबांच्या १९ सेकंदांकडे वळले आणि या वेळी मोठ्या सुळक्यांच्या शेजारी काय आहे ते पाहिले. ५३ वर एक फिकट उंचवटा होता. १०६ वर त्याहून ठळक, आणि १५९ वर शंकेला जागाच न ठेवणारा. डेकच्या घरघरीशेजारी, त्याहून किंचित वर, जुन्या टेपरेकॉर्डरची घरघर स्वतंत्रपणे उभी होती.

जुन्या यंत्राचा पट्टा तेव्हाच सैल पडू लागला असणार. भरताना फीत मंद सरकली, म्हणून योग्य वेगाने वाजवताना ती सहा टक्के जलद ऐकू येत होती. सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलण्याची सोय वापरून ५३ ला ५० वर आणले, आणि षड्ज काळी चारवर येऊन टेकला. दादा बरोबर होता. ४५ मिनिटांची बाजू आता ४७ मिनिटे आणि ४२ सेकंदांची झाली. त्या संध्याकाळी आई प्रत्यक्षात तेवढा वेळ गायली होती आणि मधली पावणेतीन मिनिटे फितीने दाबून ठेवली होती. दुरुस्त केलेली प्रत ऐकताना मला जाणवले ते स्वरापेक्षा तिच्या आलापातले थांबणे. आईला ऐकवल्यावर तिने मान हलवली आणि म्हणाली, "बरोबर आहे. पण काळी पाचमध्येही मी गायचे." ते कोणी नाकारले नव्हते.

यानंतर प्रत्येक कॅसेट मी आधी हमवर तपासली आणि मगच ऐकली. आईच्या गाण्याच्या नऊ बाजूंपैकी सात जुळवता आल्या. एक बाजू बॅटरीवर भरलेली होती; तिच्यात हम नाही, आणि बॅटरी उतरत गेल्यामुळे गाणे हळूहळू चढत जाऊन शेवटच्या दहा मिनिटांत आईचा आवाज चिमणीसारखा होतो. तिथे मोजायला काहीच नसल्यामुळे आईलाच बसवले आणि ती सांगेल तसा वेग थोडा थोडा उतरवत गेले. हा भाग पुराव्यावर आधारलेला नाही, आईच्या कानावर आहे, आणि फाइलच्या नावात मी तसे लिहून ठेवले आहे. आणखी एका बाजूवर वरून दुसरेच काही भरले गेले होते. ती सोडून दिली.

दादाच्या कॅसेटी उघडल्या तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली. त्याच्या देशात घरगुती वीज ६० हर्ट्‌झची आहे. त्याच्या प्रत्येक पत्रात, तो बोलत असो की विचार करत गप्प असो, त्याच्या पाठीमागे ६० ची रेघ चालत होती. आमची सगळी रेकॉर्डिंगे ५० च्या आसपास आणि त्याची ६० वर. नावाची चिठ्ठी नसली तरी कॅसेट कोणत्या घरात भरली हे आता आवाज न ऐकताही सांगता येत होते. त्याचे यंत्र शिस्तीचे होते, ६०.१, ६०.२, याच्या पलीकडे ते कधी गेले नाही. पहिल्या वर्षीच्या पत्रांत तो खोलीचे, कामाचे, कपडे धुण्याच्या यंत्राचे वर्णन करतो, आणि आईने विचारलेल्या प्रश्नाला एकदा तुटकपणे उत्तर देतो: "गाणे-बिणे इथे काही नाही. वेळच नसतो." आईला ते अपेक्षित होते. दादा लहानपणी तिच्याकडेच पेटी शिकला, चौदाव्या वर्षी काहीतरी बिनसले आणि त्याने पेटीला हात लावायचे सोडले, ही घरातली जुनी गोष्ट आहे.

नाव नसलेल्या चार कॅसेटी शेवटी उरल्या. तीन कोऱ्या निघाल्या. चौथीच्या एका बाजूला आईचा रियाज होता, बाबांच्या घोषणेसकट, १९८९ सालचा, हम ५२. दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटे पेटीवर यमन वाजत होता आणि त्यानंतर काही नव्हते. वाजवणारा अडखळत होता. तान अर्ध्यात सोडून तो मागे जायचा, पुन्हा तिथेच येऊन पुन्हा अडायचा. भात्याची फुसफुस आणि बाकाची करकर याशिवाय माणसाची काही खूण नव्हती. आईकडे तेव्हा गाणे शिकायला पाच-सहा मुली येत. त्यांच्यापैकी एखादीचा सराव असेल असे मला वाटले, आणि आईनेही लांबून ऐकून "हात जड आहे, कोण होती गं ही?" असे म्हणत दोन-तीन नावे आठवून पाहिली. फाइलला 'विद्यार्थिनी, पेटी' असे नाव देऊन मी नेहमीप्रमाणे वेग तपासायला आलेख काढला.

५० वर डेकचा सुळका होता. ५१, ५२, ५३ वर काहीच नव्हते. शोधत पुढे गेले तर ६० वर रेघ, १२० वर रेघ, १८० वर रेघ.

पट्टा कितीही सैल असला तरी ५० चे ६० होत नाहीत. तेवढा फरक असता तर पेटी दीड स्वर वर चढून कानाला लगेच खटकली असती. मी तो अकरा मिनिटांचा तुकडा दादाला पाठवला आणि सोबत एवढेच लिहिले की हे तुझ्या बाजूच्या विजेवर भरलेले आहे. एरवी लगेच उत्तर देणारा दादा दिवसभर गप्प होता. रात्री त्याचा फोन आला. १९८८ साली ओळखीच्या कोणाकडून त्याने दोन महिन्यांसाठी पेटी आणली होती. आईला यमन वाजवून पाठवायचा होता. जमेना, म्हणून नाद सोडला, कॅसेट उलटी करून नेहमीचे पत्र भरले आणि पाठवून दिले. वाजवलेले पुसले आहे अशी त्याची समजूत होती. इकडे त्या कॅसेटीवर 'एकच बाजू' असे लिहिलेले असणार, म्हणून आम्ही ती कधी उलटून पाहिली नाही, आणि पुढच्या वर्षी बाबांनी पत्राच्या बाजूवर आईचा रियाज भरून वरची चिठ्ठी सोलून टाकली. कॅसेटी तेव्हा पुन्हापुन्हा वापरल्या जात. ते पत्र गेले. जे जायला हवे होते ते राहिले. "आईला ऐकवू नकोस," असे दादा म्हणाला, आणि मग म्हणाला, "नाही, ऐकव."

दुसऱ्या दिवशी आईला हेडफोन लावून दिले आणि कोण वाजवत आहे ते सांगितले. तिने डोळे मिटून अकराही मिनिटे ऐकली, मध्ये एकदा बोटाने मांडीवर ठेका धरला आणि सोडला. संपल्यावर हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "यमनात मध्यम तीव्र लागतो," ती म्हणाली, "याने दोनदा शुद्ध लावला आहे. त्याला सांग."

मी तसेच्या तसे लिहून कळवले. पाच मिनिटांत उत्तर आले: "दोनदा नाही, तीनदा."

मी पुन्हा लावून मोजले. तीनदाच होता.